कन्येचें धनुष्य आणि घराचा हिशेब

दिनांक ५ ऑगस्ट २०२३ रोजीं बर्लिन शहरीं तिरंदाजीच्या जागतिक अजिंक्यपदाचा अंतिम सामना झाला आणि त्यांत साताऱ्याच्या कु. अदिति स्वामी हिनें मेक्सिकोच्या आंद्रेआ बेसेरा हिला १४९ विरुद्ध १४७ गुणांनीं जिंकलें. पंधरा बाण, प्रत्येकास अधिकांत अधिक दहा गुण, म्हणजे एकंदर दीडशें. त्यांपैकीं या मुलीनें एकच गुण गमावला. चौदा बाण दहाच्या वर्तुळांत आणि एक नऊच्या. तिला सतरा वर्षें पुरीं होऊन त्या दिवशीं दोन महिनेहि लोटले नव्हते. या स्पर्धेंत वैयक्तिक जगज्जेतेपद मिळविणारी ती पहिली भारतीय होय.

तिचें अभिनंदन करण्याचें काम वृत्तपत्रांनीं त्याच वेळीं यथास्थित केलें. आम्हांस त्या दिवसाविषयीं थोडें आणि त्याआधींच्या सहा-सात वर्षांविषयीं अधिक लिहावयाचें आहे. पदक मिळाल्यावर मुलगी सर्वांची होते. पदकापूर्वीं ती एका घराचीच असते. त्या काळांत त्या घरानें काय ठरविलें व कशाच्या भरंवशावर ठरविलें, हा प्रश्न आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या माजघरांत आज ना उद्यां निघणारा आहे.

अदितीचा जन्म १५ जून २००६ चा. वडील सरकारी शाळेंत गणिताचे शिक्षक, आई ग्रामसेविका. मूळ घर शेरेवाडी या गांवीं, साताऱ्यापासून सुमारें १५ किलोमीटरवर. मुलीस खेळाची सोय व्हावी म्हणून वडिलांनीं बिऱ्हाड साताऱ्यास हलविलें. शिक्षणासाठीं बिऱ्हाड हलविणें आपणांस नवें नाहीं. मुलाच्या इंग्रजी शाळेकरितां कोंकणांतून पुण्यास किंवा वाईहून साताऱ्यास आलेलीं कुटुंबें आपल्या प्रत्येकाच्या नात्यांत सांपडतील. परंतु खेळासाठीं, आणि तेंहि मुलीच्या खेळासाठीं, चूल हलविणारा शिक्षक विरळाच. मुलगी कोणता खेळ खेळणार हेंहि तेव्हां ठरलेलें नव्हतें, ही गोष्ट विशेष लक्षांत घेण्यासारखी आहे.

वडील तिला शाहू क्रीडासंकुलांत घेऊन गेले. तेथें कोणी फुटबॉलच्या मागें धांवत होतें, कोणी शर्यतींचा सराव करीत होतें. एका कडेस थोडींशींच मुलें धनुष्यें घेऊन उभीं होतीं. ही सडपातळ बांध्याची मुलगी त्या कडेकडे ओढली गेली. धांवपळीपेक्षां स्तब्ध उभें राहून दूरच्या एका ठिपक्यावर नेम धरण्याचा खेळ तिला आवडला. त्या घराजवळ आरंभींचा पुरावा काय तो एवढाच. दहा-अकरा वर्षांच्या पोरीची आवड ही चार दिवसांत उडून जाणारी वस्तु आहे, हें तिच्या वडिलांस ठाऊक नसेल असें आम्हांस वाटत नाहीं. तेहि वर्गावर उभे राहणारेच गृहस्थ. तरी त्यांनीं ती आवड खरी धरून पुढें पाऊल टाकलें.

धनुष्य म्हटलें कीं आमच्यासारख्या संस्कृताच्या विद्यार्थ्यास द्रोणाचार्यांची परीक्षा आठवते. इतरांना झाड दिसलें, फांद्या दिसल्या, आचार्यहि दिसले. अर्जुनास पक्ष्याच्या मस्तकावांचून कांहीं दिसलें नाहीं. परंतु अदितीच्या हातांतील धनुष्य अर्जुनापुढें ठेवलें असतें तर हें धनुष्यच आहे, हें त्यास सांगावें लागलें असतें! त्यास कंपाउंड धनुष्य म्हणतात. १९६६ च्या सुमारास अमेरिकेंतील हॉलिस विल्बर ॲलन या गृहस्थानें तें प्रथम तयार केलें. त्याच्या टोकांस विशिष्ट आकाराचीं चाकें असतात. प्रत्यंचा ओढतांना आरंभीं पुरतें बळ लागतें. मात्र पूर्ण ओढ झाली कीं तीं चाकें फिरून भाराचा मोठा भाग, सुमारें दोन तृतीयांश किंवा त्याहूनहि अधिक, स्वतःवर घेतात. त्यामुळें नेम धरणारास क्षणभर स्थिर राहतां येतें. नेमासाठीं पुढें भिंग असतें, प्रत्यंचेंत पाहण्यापुरतें बारीक छिद्र असतें, आणि प्रत्यंचा बोटांनीं न सोडतां हातांतील लहानशा चापानें सोडतात. लक्ष्य ५० मीटरांवर. दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ८ सेंटीमीटर, म्हणजे मोसंब्याएवढा. सामन्यांत एका बाणास वीस सेकंदांचा अवधि.

इतक्या सोयी ऐकून कोणी म्हणेल कीं मग माणसानें करावयाचें उरलें काय? वस्तुस्थिति उलट आहे. यंत्रानें चुकीचीं बहुतेक कारणें काढून टाकल्यामुळें उरलेली चूक सर्वस्वीं माणसाची ठरते. साध्या धनुष्यानें नऊ गुण मिळाले तर समाधान मानतात. कंपाउंडच्या मोठ्या सामन्यांत नऊ म्हणजे बहुधा पराभवाची सुरुवात. श्वास किंचित् वर राहिला, खांदा तिळभर खालीं आला, चाप ओढतांना मनांत विचार चमकून गेला, कीं बाण मोसंब्याच्या सालीबाहेर. म्हणून या विद्येंत प्रगति म्हणजे नवीन कांहीं शिकणें नसून तेंच तें, दिवसाला शेंकडों वेळां, तसूभरहि फरक न होऊं देतां करणें. वेदपठण करणारांच्या घरांत वाढलेल्यांस ही शिस्त निराळी समजावून सांगावयास नको. पद, क्रम, जटा, घन यांची आवृत्ति करणारा विद्यार्थी आणि ५० मीटरांवर डोळा लावून उभी असलेली ही मुलगी यांच्यांत, आमच्या मतें, फारसें अंतर नाहीं.

तिला ही शिस्त लावणारे गुरु श्री. प्रवीण सावंत. त्यांच्या दृष्टि तिरंदाजी प्रबोधिनीचें मैदान म्हणजे साताऱ्यालगतच्या उसाच्या शेतांत तयार केलेली मोकळी जागा. ज्या देशांत या खेळाचा गाजावाजा आहे तेथील बंदिस्त सभागृहें, वाऱ्याचे आडोसे, विजेचे दिवे यांची कल्पना मनांतून काढून टाकावी. सभोंवार ऊस, वर सह्याद्रीचा पाऊस, आणि मध्यें लक्ष्याच्या पाट्या. चुकलेला बाण उसांत शिरला म्हणजे तो हुडकणें हें काय काम असतें तें शेतकऱ्यास विचारावें. परंतु याच शेतानें एक नवल केलें. अदितीनें बर्लिनला सुवर्णपदक मिळविलें त्याच दिवशीं पुरुषांच्या कंपाउंड गटांत नागपूरचा ओजस देवतळे हाहि जगज्जेता झाला. त्यानें पोलंडच्या प्रतिस्पर्ध्यावर १५० विरुद्ध १४९ अशी मात केली, म्हणजे एकहि गुण सांडला नाहीं. हा ओजसहि साताऱ्यास येऊन सावंतांपाशींच शिकत होता. एका दिवशीं दोन जगज्जेते देणारी उसाची दुसरी पट्टी आमच्या ऐकिवांत नाहीं.

आतां हिशेबाकडे वळूं. स्पर्धेच्या दर्जाचें कंपाउंड धनुष्य दोन-अडीच लाख रुपयांच्या घरांत जातें; तें परदेशांतून येतें. बाणांचा संच निराळा, आणि बाण झिजतात, मोडतात, हरवतात. मूल वाढीच्या वयांत असल्यामुळें त्याच्या हाताची लांबी व बळ वाढतें, म्हणजे धनुष्यहि कायमचें राहत नाहीं. त्यावर प्रवास, निवास, स्पर्धांचीं शुल्कें. शिक्षकाचा पगार आणि ग्रामसेविकेचा पगार यांतून हें भागण्यासारखें नव्हतें. वडिलांनीं कर्जें काढलीं. करोनाच्या साथीचा काळ मध्यें आला. शाळा बंद, मैदानें बंद, स्पर्धा बंद. मात्र कर्जाचे हप्ते बंद होत नसतात. प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्तांप्रमाणें हा आंकडा सुमारें दहा लाखांवर गेला होता.

गणिताच्या शिक्षकास हिशेब समजत नव्हता असें कोणी म्हणूं नये. आम्हांस तर उलट वाटतें कीं त्या घरांत रात्रीं दिव्याखालीं तो हिशेब वारंवार मांडला गेला असेल आणि प्रत्येक वेळीं उत्तर उणेंच आलें असेल. तरी पुढचे बाण आले. यास धैर्य म्हणावें कीं अविचार? पदक मिळाल्यामुळें आज सर्वजण धैर्य म्हणतात. पदक मिळालें नसतें तर शेजारपाजाऱ्यांनीं काय म्हटलें असतें तें आपण सर्व जाणतों, कारण आपणच तें म्हणणारे आहों.

आम्ही पस्तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकविलें. एका वर्षीं आठवीच्या वर्गांत एक मुलगी होती; अनवाणी धांवूनहि ती जिल्ह्याच्या शर्यतींत पहिली येई. घर सुशिक्षित, माणसें सज्जन, एकत्र कुटुंबांत बारा-तेरा पानें रोज पडणारीं. नववीच्या आरंभीं तिचें धांवणें थांबलें. कारण विचारलें तेव्हां तिचे काका आम्हांस म्हणाले, "गुरुजी, घरांत सहा मुलें आहेत. एकीच्या बुटांना पैसे द्यावयाचे आणि दुसऱ्याच्या शिकवणीला नाहीं म्हणावयाचें, हें कोणत्या तोंडानें करूं?" या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, आणि हा प्रश्न खोटा होता असें आम्हांस अजूनहि वाटत नाहीं. एकत्र कुटुंबाचा कर्ता हा सर्व मुलांचा विश्वस्त असतो. एकीच्या आवडीवर सर्वांच्या वांट्याचें धान्य पणास लावण्याचा त्यास अधिकार कितपत आहे, याचा विचार न करतां 'मुलांना खेळूं द्या' असा उपदेश करणें सोपें आहे. त्या मुलीनें पुढें पदवी घेतली, चांगला संसार केला. परंतु ती किती वेगानें धांवूं शकली असती हें कोणासच कळलें नाहीं, तिला स्वतःलाहि नाहीं.

पैशाची ही अडचण नव्या युगानें आणलेली आहे असें मात्र नव्हे. याच सातारा जिल्ह्यांतील कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनीं १९५२ सालीं हेलसिंकीच्या ऑलिंपिकांत कुस्तीचें कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारतास ऑलिंपिकांत मिळालेलें तें पहिलें वैयक्तिक पदक. त्यांना तेथवर पोंचविण्यासाठीं गांवोगांवीं वर्गणी गोळा करावी लागली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें राहतें घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. शिष्यासाठीं गुरूनें घर गहाण ठेवलें! एकलव्याची कथा शिकवितांना आमच्या मनांत खर्डेकर हटकून येत. साताऱ्यांतच रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांतील मुलांच्या जेवणाची भ्रांत पडली तेव्हां कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं अंगावरचे दागिने दिले, हें तर या भागांतील शाळकरी पोरासहि पाठ असतें. थोडक्यांत, या जिल्ह्यांत विद्या आणि खेळ या दोहोंसहि सोनें आणि घर तारण पडलेलें आहे.

याच्या दुसऱ्या टोकास एक निराळें घर होतें. संस्कृताच्या अभ्यासकांना पंडिता क्षमाबाई राव यांचें नांव ठाऊक असतें; गांधीजींच्या लढ्यावर संस्कृत श्लोकबद्ध 'सत्याग्रहगीता' लिहिणाऱ्या त्या ह्याच. शंकर पांडुरंग पंडितांच्या कन्या. त्या स्वतः टेनिस खेळण्यांत तरबेज होत्या हें मात्र पुष्कळांना माहीत नसतें. त्यांची कन्या लीला राव हिनें १९३४ सालीं विंबल्डनच्या स्पर्धेंत पहिल्या फेरीचा सामना जिंकला. तेथें सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री. वडील मुंबईंतील नामांकित डॉक्टर, आई विदुषी व स्वतः खेळाडू, घरांत परदेशप्रवासाची संवय. लीलाबाईंच्या कर्तृत्वास यामुळें यत्किंचित् उणेपणा येत नाहीं. पण टेनिसची रॅकेट आणि आगबोटीचें तिकीट यांसाठीं त्या घरास सावकाराचें दार ठोठवावें लागलें नसणार. शेरेवाडीच्या मुलीस नव्वद वर्षांनंतर तिरंदाजीच्या मैदानावर जातांना बरोबर कर्ज न्यावें लागलें.

त्या कर्जाची परतफेड पैशांत केव्हां झाली तें त्या घरचें खाजगी आहे. गुणांत ती एकाच उन्हाळ्यांत झाली. जून २०२३ मध्यें कोलंबियांतील मेडेलिन येथें ७२ बाणांच्या फेरींत ७२० पैकीं ७११ गुण मिळवून तिनें अठरा वर्षांखालील वयोगटाचा जागतिक उच्चांक केला. जुलैमध्यें आयर्लंडांतील लिमरिक येथें त्याच वयोगटाचें जगज्जेतेपद मिळविलें. ऑगस्टच्या ४ तारखेस बर्लिनमध्यें ज्योति सुरेखा वेन्नम व परनीत कौर यांच्यासह मेक्सिकोचा २३५ विरुद्ध २२९ असा पराभव करून सांघिक सुवर्णपदक मिळविलें. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेंतील भारताचें तें पहिलेंच सुवर्ण. आणि दुसऱ्या दिवशीं उपांत्य सामन्यांत प्रतिस्पर्धी म्हणून समोर आली ती हीच ज्योति सुरेखा! विजयवाड्याची ही खेळाडू अदितीहून दहा वर्षांनीं वडील, कित्येक आंतरराष्ट्रीय पदकांची धनी. आदल्या दिवशीं एकमेकींच्या बाणांवर जिचा जीव वरखालीं होत होता तीच. अदितीनें १४९ विरुद्ध १४५ असा तो सामना घेतला. सप्टेंबर-ऑक्टोबरांत चीनमधील हांगचौ येथें आशियाई खेळांत मात्र वैयक्तिक सुवर्णपदक ज्योतीनें नेलें आणि अदितीस कांस्य मिळालें. सांघिक सुवर्णांत दोघीहि होत्या. बर्लिनचें सुवर्ण आम्हांस जितकें आवडलें तितकेंच हें हांगचौचें कांस्यहि आवडलें. जगज्जेतेपद मिळाल्यावर दोन महिन्यांत मागें पडून तिसऱ्या जागेसाठीं पुनः तितक्याच शांतपणें उभें राहणें, हें सतराव्या वर्षीं सोपें नसतें. त्याच वर्षाचा अर्जुन पुरस्कार तिला देण्यांत आला.

माहुलीस वेण्णेला पोटाशीं घेऊन निघालेली कृष्णा पुढें कऱ्हाडावरून सांगलीच्या घाटास लागते. सांगली जिल्ह्याचा बराच भाग पूर्वीं साताऱ्यांतच होता. १९४९ सालीं 'दक्षिण सातारा' म्हणून तो निराळा झाला आणि १९६० मध्यें त्यास सांगली हें नांव मिळालें. त्या सांगलींत, माधवनगर येथें, अशाच एका घराची कथा दहा वर्षें आधीं घडली होती, आणि तिचा हिशेब थोडा निराळा आहे.

स्मृति मानधना हिचा जन्म १८ जुलै १९९६ रोजीं मुंबईस झाला. ती दोन वर्षांची असतांना कुटुंब माधवनगरास आलें. क्रिकेट सांगलीस परकें नव्हतें. १९५२ सालीं मद्रासेस भारतानें पहिला कसोटी विजय मिळविला तेव्हां संघनायक असलेले विजय हजारे हे जन्मानें सांगलीचेच. मानधनांच्या घरांत वडील जिल्ह्याच्या संघांतून खेळलेले, थोरला भाऊ राज्याच्या सोळा वर्षांखालील संघांत. भावाच्या मागोमाग मैदानावर गेलेल्या या धाकट्या बहिणीनें नवव्या वर्षीं महाराष्ट्राच्या पंधरा वर्षांखालील आणि अकराव्या वर्षीं एकोणीस वर्षांखालील संघांत स्थान मिळविलें. आपल्याहून आठ-आठ वर्षांनीं मोठ्या मुलींत अकरा वर्षांची पोर! सांगलींतील तिचे गुरु श्री. अनंत तांबवेकर. ती जात्या उजव्या हाताची, तरी फलंदाजी डाव्या हातानें करते. वडिलांना डाव्या हाताचे फलंदाज आवडत, म्हणून मुलांना तसेंच उभें केलें.

ऑक्टोबर २०१३ मध्यें बडोद्यास गुजरातविरुद्ध एकोणीस वर्षांखालील एकदिवसीय सामन्यांत तिनें १५० चेंडूंत नाबाद २२४ धांवा काढल्या. एकदिवसीय सामन्यांत द्विशतक करणारी ती पहिली भारतीय स्त्री. राहुल द्रविड यांनीं तिच्या भावास दिलेली बॅट घरांत होती; तिचा तोल हातास इतका बसला कीं ती शोभेसाठीं न ठेवतां स्मृतीनें खेळावयास घेतली. त्याच वर्षीं एप्रिलमध्यें ती भारताच्या संघांतून प्रथम खेळली होती, आणि ऑगस्ट २०१४ मध्यें इंग्लंडांतील वॉर्म्सली येथें पहिल्याच कसोटींत दुसऱ्या डावांत ५१ धांवा करून विजयास हातभार लावला.

या मुलीच्या चरित्रांतील आम्हांस सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट धांवांची नाहीं. शालान्त परीक्षेनंतर तिला शास्त्रशाखेकडे जावेंसें वाटत होतें, आणि तिच्या आईनें तिला परावृत्त केलें. शास्त्राचा अभ्यास व क्रिकेट दोन्ही निभणार नाहींत असें तिचें म्हणणें. असें स्मृतीनें स्वतःच सांगितलें आहे. आपल्या घरांतून याच्या नेमकें उलट संवाद होतात! मुलगी बॅट मागते आणि आई पुस्तक पुढें करते. मानधनांच्या घरीं मुलीनें पुस्तक मागितलें आणि आईनें बॅटीची आठवण दिली. शेवटीं तिनें वाणिज्यशाखा घेतली. हें सर्वत्र अनुकरणीय आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. शास्त्राकडे जाणाऱ्या मुलीस अडविणाऱ्या आईची पाठ थोपटावयास आमचा हात सहसा उचलत नाहीं. पण त्या बाईनें मुलीच्या मनांतील दोन इच्छांपैकीं खोल कोणती तें ओळखलें होतें. जानेवारी २०१७ मध्यें ऑस्ट्रेलियांत गुडघ्याचा अस्थिबंध तुटून ती पांच महिने मैदानाबाहेर राहिली, आणि जूनमध्यें विश्वचषकाच्या पहिल्याच सामन्यांत इंग्लंडविरुद्ध ९० व पुढच्याच सामन्यांत वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद १०६ धांवा करून परत आली, तेव्हां आईची पारख बरोबर ठरली.

आतां हिशेबांतील भेद पाहा. स्त्रियांचें क्रिकेट एके काळीं तिरंदाजीहूनहि दरिद्री होतें. १९७३ सालीं पुण्यास स्त्रियांची पहिली आंतरराज्य स्पर्धा झाली तेव्हां मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश असे तीनच संघ होते, आणि त्या पिढीच्या खेळाडूंनीं आरक्षणावांचून आगगाडीच्या डब्यांतून प्रवास केल्याच्या आठवणी प्रसिद्ध आहेत. २००६ मध्यें हा कारभार क्रिकेट नियामक मंडळाकडे आला. स्मृति तेव्हां दहा वर्षांची. ती ज्या वाटेनें वर चढली तिच्यावर पायऱ्या नुकत्याच बांधल्या जात होत्या. फेब्रुवारी २०२३ मध्यें स्त्रियांच्या पहिल्या व्यावसायिक साखळी स्पर्धेच्या लिलांवांत तिच्यासाठीं ३ कोटी ४० लाखांची बोली लागली, सर्वांहून अधिक. आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजीं नवी मुंबईस भारतीय स्त्रियांनीं विश्वचषक जिंकला त्या संघाची ती उपनायिका होती. क्रिकेटच्या मागें आतां व्यापार उभा आहे. तिरंदाजीच्या मागें अजून बऱ्याच ठिकाणीं वडिलांचें भविष्यनिर्वाहनिधीचें पासबुकच उभें असतें.

म्हणून एक सूचना मांडावीशी वाटते. आपल्या वडीलधाऱ्यांच्या वेळीं गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवारीं एका घरीं, मंगळवारीं दुसऱ्या. कोणा एका गृहस्थावर भार पडत नसे आणि मुलाचें शिक्षण होई. त्या पद्धतींतील मिंधेपणा व जातीचीं बंधनें परत यावींत असें कोणीहि शहाणा म्हणणार नाहीं. परंतु भार वांटून घेण्याची युक्ति चांगली होती. जिल्ह्याच्या गांवीं जसें ग्रंथालय असतें तसें खेळाच्या महाग साहित्याचें भांडार कां नसावें? धनुष्य वाढत्या मुलाच्या हातांतून दोन वर्षांत लहान होतें. तें कपाटावर न पडतां दुसऱ्या मुलाकडे जावें. पन्नास-शंभर घरांनीं वर्षास ठराविक वर्गणी दिली तर पहिल्या दोन-तीन वर्षांचें, म्हणजे मुलाची आवड खरी कीं उडती हें कळेपर्यंतचें, साहित्य त्या भांडारांतून मिळेल. त्या काळांत तरी कोणा बापास कर्ज काढावें लागूं नये. आमच्या त्या विद्यार्थिनीच्या काकांसहि मग सहा मुलांत डावेंउजवें करावें लागलें नसतें. बुटांचा एक जोड भांडारानें दिला असता. बक्षिसें व सत्कार पदकानंतर होतच असतात. त्यांतील शाली-श्रीफळांचा खर्च चार वर्षें आधीं केला तर कित्येक धनुष्यें येतील.

अदितीच्या वडिलांनीं कर्ज काढलें तेव्हां कंपाउंड धनुष्यास ऑलिंपिकांत जागाच नव्हती, ही गोष्ट हा सर्व हिशेब मांडतांना विसरतां कामा नये. १९७२ पासून ऑलिंपिकांत दुसऱ्या प्रकारच्या, चाकें नसलेल्या रिकर्व्ह धनुष्यांचेच सामने होत आले. एप्रिल २०२५ मध्यें प्रथमच असें जाहीर झालें कीं २०२८ च्या लॉस एंजेलिस येथील खेळांत कंपाउंडचा एक सामना होईल, तोहि एक पुरुष व एक स्त्री अशा मिश्र जोडीचा. म्हणजे भारतास त्या सामन्यांत स्त्रीची जागा मिळाली तर एकच मिळणार. त्या एका जागेवर ज्योति सुरेखा, परनीत कौर आणि आणखी कित्येक मुलींची दृष्टि असेल. साताऱ्याच्या मुलीचीहि असेल. त्या वर्षाच्या जूनमध्यें तिला बावीस वर्षें पुरीं होतील.